थिंकपॅड टी४८०: आत ओरिजिनल, बाहेर कंपॅटिबल

लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० लॅपटॉपमध्ये बॅटऱ्या दोन: आत २४ वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचं माप), मागे काढता-घालता येणारी. मागची २४, ४८ किंवा ७२ची मिळते. लॅपटॉप आधी मागची संपवतो, मग आतलीला हात घालतो. त्यामुळे झीज मागचीचीच जास्त. म्हणून आत ओरिजिनल आणि मागे ७२ची कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली, अशी जोडी बसवली. काही महिन्यांनंतरचं मत: आतलीत काटकसर नको, मागचीत चालेल, पण छापील आकड्यावर विसंबू नका.

७२ वॉट-अवर म्हणजे ३.६ व्होल्टचे, साधारण ३३५० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) क्षमतेचे सहा सेल. स्वस्त पॅकमध्ये २२०० एमएएचचे सेल घातले की प्रत्यक्षात ४७-४८च मिळतात, स्टिकर मात्र ७२चाच. विंडोजमध्ये `powercfg /batteryreport` ही आज्ञा देऊन मिळणारा बॅटरीचा अहवाल इथे फसवू शकतो, कारण तो पॅकमधली चिप सांगेल तेच छापतो. खरी परीक्षा चार्ज उतरताना होते. आमच्या पॅकची टक्केवारी शंभरावरून पंचविशीपर्यंत शिस्तीत उतरते आणि तिथून एकदम शून्य. चिप मोठी क्षमता धरून हिशोब करते, सेलचा व्होल्टेज आधीच तळाला गेलेला असतो. आतली बॅटरी भार उचलते म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. एकाच बॅटरीच्या मॉडेलमध्ये न सेव्ह केलेलं काम गेलंच समजा. पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून कॅलिब्रेट केल्यावर उडी दहा-बारा टक्क्यांवर आली, बॅकअप मिनिटभरही वाढला नाही. वाढणार कुठून!

‘ही बॅटरी चालणार नाही, चार्ज होणार नाही’ असा संदेश सुरू होताना आला तर कॅलिब्रेशनच्या नादी लागू नका, पॅक सरळ परत करा. बायोसने, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने, पॅकमधली चिप ओळखलेली नाही.

ओरिजिनल घेतानाही उत्पादनाची तारीख बघा. लिथियम सेल खोक्यात पडूनही म्हातारे होतात. तीन-चार वर्षं जुन्या स्टॉकपेक्षा ताजी, चांगल्या सेलची कंपॅटिबल बरी. स्टिकरवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का पाहा.

आतली बदलताना चार्जर काढा, सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा, कॉन्फिग, पॉवर, ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’. मग मागची बॅटरी काढून झाकण उघडा. झाकणाचे स्क्रू सैल होतात, पण निघून येत नाहीत. ओढत बसू नका. नवी बसवल्यावर चार्जर लावला की आतली बॅटरी पुन्हा चालू होते. जुनी फुगलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका; ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.