दिवाळीचा किल्ला: माती, तरट की पुठ्ठा?

कोल्हापूर-गडहिंग्लजकडच्या पोरांना दिवाळीची मोठी सुट्टी मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शाळा कर्नाटकच्या वेळापत्रकानं चालतात. तिथली मोठी सुट्टी दसऱ्यातच संपते आणि दिवाळीला हाताशी मोजके दिवस राहतात. म्हणून किल्ला कशाचा करायचा हे ठरवताना आधी दिवस मोजावेत. चिखल कुणाच्या सुट्टीकडे बघून वाळत नाही.

दुसरा हिशेब पावसाचा. दिवाळी ऑक्टोबरात आली की परतीचा पाऊस गाठतो. 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तेव्हा हवा बरीच कोरडी असते आणि उघड्यावरचा मातीचा किल्लाही टिकतो. 2027 साली ते पुन्हा ऑक्टोबरअखेर येतं.

नुसत्या मातीचा

चार बाय तीन फुटांचा तळ आणि दोन फूट उंची धरली, तर पोटात दगड-विटा भरूनही दहा-बारा घमेली माती लागते. माती कुठली, यावर निम्मं यश असतं. खानापूरकडची लाल माती वाळताना फारशी आकसत नाही, पण ती भरभरीत असते आणि उभ्या कड्यावरून सुटते. गोकाक, अथणी, सौंदत्तीकडची काळी माती घट्ट धरते, पण वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. दोन घमेली लाल आणि एक घमेलं काळी, त्यात दोन ओंजळी बारीक तोडलेलं भाताचं पिंजर, हे मिश्रण दोन्हींचे दोष झाकतं. पिंजर बोटभर लांबीचंच हवं. लांब राहिलं तर पायऱ्या कोरताना उपसून येतं आणि सोबत मातीचा ढेपळाही आणतं.

पाणी किती? मूठ आवळून बघायची. गोळा टिकला आणि बोटांतून पाणी गळलं नाही, तर माती तयार आहे. पोरांना अर्थातच राड आवडते, म्हणून बादली मोठ्यांच्या ताब्यात ठेवावी. एका वेळी तीन-चार इंचांचा थर द्यावा आणि तो घट्ट झाल्यावरच वर चढावं. एकाच संध्याकाळी दोन फूट उंची गाठली तर वरच्या ओझ्यानं खालची ओली माती बाहेर फुगते आणि सकाळी किल्ल्याची टेकडी झालेली असते. पायऱ्या, वाटा, दिंड्या (छोटे दरवाजे) दुसऱ्या दिवशी, माती अर्धवट वाळल्यावर, चमच्याच्या दांड्यानं कोराव्यात. बांधणी दोन दिवस, वाळवण दोन दिवस, गवत तीन दिवस: आठवडा धरूनच चला.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मात्र याला तोड नाही. कात्री नाही, सुरी नाही, आणि चुकलं तर थापून पुन्हा.

तरटाचा

बेळगावच्या बहुतेक घरांना हाच सोयीचा, असं आमचं मत. विटा, जुने डबे, मोडकं स्टूल असं काहीही रचून डोंगराचा सांगाडा करायचा आणि मातीच्या काल्यात बुडवलेली तरटं त्यावर पांघरायची. वरच्याच मापाला तीन उसवलेली पोती आणि तीन-चार घमेली माती पुरते. एका दिवसात आकार उभा राहतो, दुसऱ्या दिवशी वाळतो.

पोतं तागाचंच हवं. सिमेंटचं किंवा खताचं प्लास्टिकचं पोतं पाणी पीत नाही. काला त्यावरून ओघळतो आणि वाळलेला थर पापडासारखा निघतो. काला आंबोळीच्या पिठाइतका: दोन भाग चाळलेली माती, एक भाग पाणी, लागेल तसं थोडं वाढवून. तरट आधी साध्या पाण्यात भिजवून पिळावं, मग काल्यात दहा मिनिटं ठेवावं. कोरडंच बुडवलं तर धागे काल्यातलं पाणी ओढून घेतात आणि माती वरच्यावर गोळा होते.

सांगाड्यातल्या दोन टेकूंमधलं अंतर वीतभरापेक्षा जास्त नसावं. जास्त झालं की ओलं तरट मध्येच झोळीसारखं लोंबतं आणि तसंच वाळतं. अशा जागी आधी कागदाचे बोळे भरून घ्यावेत. भिजलेलं तरट जड होतं, दोन टोकांना दोन मोठी माणसं लागतात. पोरांचं काम पांघरून झाल्यावर, घड्या पाडण्याचं आणि दुसरा पातळ हात फिरवण्याचं. दुसरा हात जाड दिला तर तो सुटतो.

पाऊस आला तर वरची माती धुऊन जाते, आकार जागचा हलत नाही. अर्ध्या तासात नवा हात फिरवला की किल्ला पूर्ववत. मातीचा किल्ला एका सरीत जे गमावतो ते भरून काढायला दोन दिवस जातात. त्याच्याभोवती दोन इंच खोल चर काढावा आणि ताडपत्री चार काठ्यांवर फूटभर उंच ताणावी. ती थेट अंगावर टाकली की आत वाफ धरते आणि उचलताना तटबंदीही सोबत येते.

पुठ्ठ्याचा

फ्लॅट असेल, परडं नसेल, तर हा. शिवाय दसऱ्याच्या सुट्टीत करून कपाटावर ठेवता येतो, हा याचा खरा फायदा. अडीच बाय दोन फुटांच्या प्लायवर बसेल एवढाच करावा. मोठा केला तर दारातून जात नाही.

खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी रेघा असतात. बुरूज वळवताना त्या उभ्या राहतील असा पुठ्ठा कापला तर गोल सुरेख येतो. आडव्या ठेवल्या तर कडेला घड्या पडतात. चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात कालवून चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा, तीन-चार मिनिटं ढवळून चकाकी आली की उतरवायचा. खळ टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद घालत. ते विषारी आहे. पोरांचे हात लागणार असतील तर घालू नये, लागेल तेवढीच खळ करावी. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर पुरतात, प्रत्येक थर रात्रभर वाळवून. तिन्ही एकदम दिले तर पुठ्ठा वाकतो आणि आत बुरशी धरते. पाऊस याला अजिबात चालत नाही.

कुठला गड, कशाचा

साहित्य गडाला शोभलं पाहिजे. तरटाच्या घड्या कड्यांसारख्या दिसतात, म्हणून भीमगड किंवा पारगड त्यात छान उतरतो. येळ्ळूरच्या राजहंसगडाची टेकडी मातीत सोपी जाते. पुठ्ठ्याला डोंगर जमत नाही, तेव्हा भुईकोट घ्यावा. बेळगावचाच किल्ला आहे: रट्ट राजांच्या काळातला, 1204 चा, भोवती खंदक आणि आत कमल बस्ती हे जैन मंदिर. तट आणि बाहेरचा बांध यांत तीन इंच जागा सोडली की खंदक झाला.

हिरवळ आणि पणत्या

आळीव भिजलं की बुळबुळीत होऊन उतारावर चिकटून बसतं आणि दोन-तीन दिवसांत उगवतं. मोहरी घरंगळून पायथ्याशी गोळा होते. गहू चटकन उंच वाढतो आणि मावळे त्यात हरवतात. चौरस फुटाला चहाचा एक चमचा आळीव पुरे. पाणी हातानं शिंपडावं, तांब्यानं ओतू नये. तरटावरही आळीव धरतं, पण काला ओला असतानाच पेरावं लागतं. पुठ्ठ्यावर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवावा.

मातीच्या किल्ल्यावर पणती कुठंही चालते. वाळलेलं तरट पेट घेतं, म्हणून त्यावर पणती ठेवू नये. पायथ्याशी, मातीच्या ओट्यावर, हातभर अंतरावर ठेवावी. पुठ्ठ्याच्या किल्ल्याला फक्त बॅटरीच्या दिव्यांची माळ.

किल्ला बहुतेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो. मोडताना माती कुंड्यांत जाते, तरट झटकून, वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतं. दगड-विटा मात्र पोरांना उचलू देऊ नयेत. तीन आठवडे ओल धरलेल्या ढिगात विंचू बसलेला असू शकतो. मोठ्या माणसानं काठीनं एकेक उलटून बघावा, मगच हात घालावा.