‘एसएमपीएस बदला’ म्हणणाऱ्याचं कार्ड आधी तपासा

ऑफिसातून निघालेला जुना डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० स्वस्तात उचलायचा आणि गेमसाठी त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचं, हा कमी बजेटवाल्यांचा ठरलेला बेत. या मशीनच्या टॉवरमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, २७५ वॅटचा असतो, छोट्या आडव्या पेटीत २४० वॅटचा. कार्डाला लागणारी सहा पिनांची वायर दोन्हीत नसते. म्हणून गिऱ्हाईक विचार करून जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी मागतं. (आडव्या पेटीसाठी बुटकं, म्हणजे लो-प्रोफाइल.) हे कार्ड ७५ वॅटमध्ये भागतं आणि तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. निवड अगदी योग्य आहे. पण याच नावाखाली भलतंच कार्ड विकलं जातं.

खरं १०५० टीआय २०१६ सालचं. त्यात जीपी१०७ चिप, ७६८ क्युडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची मेमरी असते. बनावट मालात बहुतेक वेळा २०१०-११ मधलं जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय निघतं. कोअर १९२, मेमरी साधारण १ जीबी. कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डावरच साठवलेला मूळ प्रोग्राम) नाव आणि मेमरीचा आकडा बदलून लिहितात, वर नवा पंखा आणि चकचकीत स्टिकर लावतात. विंडोज जे वाचतं तेच दाखवतं, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘जीटीएक्स १०५० टीआय’ दिसतं आणि गिऱ्हाईक निश्चिंत होतं.

वीज मात्र बायोस बदलून कमी होत नाही. जीटीएस ४५० ला १०६ वॅट लागतात, ५५० टीआयला ११६. म्हणून अशा कार्डावर सहा पिनांचं सॉकेट असतं. ‘हे ओव्हरक्लॉक (वेग वाढवलेलं) मॉडेल आहे’ असं सांगून सोबत एक कन्व्हर्टर वायर फुकट दिली जाते. आता १०५० टीआयची काही अस्सल मॉडेलंही सहा पिनांची आहेत, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. पण तुम्ही बिनपिनेचं मागितलं होतं, मग हे घ्यायचंच कशाला?

फुकटची ती वायर साटावरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरवरून) सहा पिनांवर जाणारी असेल तर लावूच नका. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनांचं सॉकेट ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं, कधी धूरही निघतो.

मग गेम सुरू केला की स्क्रीन काळी. दुकानात फोन केला की उत्तर तयार: ‘तुमचा एसएमपीएस कमी पडतोय, साडेचारशेचा टाका.’ ही लबाडी चालते ती इथेच. एसएमपीएस कमकुवत आहे हे गिऱ्हाइकाला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याला ते पटतं. नवा एसएमपीएसही तिथूनच घेतला जातो आणि या धावपळीत दुकानाने दिलेल्या ‘टेस्टिंग वॉरंटी’चे सात दिवस उलटतात.

दोष कुणाचा हे लक्षणांवरून बऱ्यापैकी कळतं. वीज कमी पडली तर गेमचा लोड येताच मशीन खाडकन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद राहते. बनावट कार्डात मशीन चालूच राहतं. एनव्हिडियाच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकताना अडतं किंवा स्क्रीन काळी होते. कमी सेटिंगवर गेम कसाबसा चालतो, पण मेमरीचा वापर खऱ्या १ जीबीच्या पुढे गेला की रंगीत चौकटी दिसू लागतात. ‘पेनड्राइव्हमधलाच ड्रायव्हर टाका, अपडेट करू नका’ असं विकणारा म्हणाला, तर त्याला सगळं माहीत आहे असं समजा.

गेम न लावताही तपासता येतं, त्यामुळे एसएमपीएसची सबब उरत नाही. जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर दुकानातच चालवा. २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून ते एनव्हिडियाची अशी बरीच बनावट कार्डं ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ लिहितं. तसं लिहून आलं नाही तरी शेडर्सचा (म्हणजे त्याच कोअरचा) आकडा बघा: ७६८ हवा. टेक्नॉलॉजीच्या रकान्यात १४ नॅनोमीटर हवं, ४० दिसलं तर कार्ड जुन्या फर्मी पिढीचं. मागे व्हीजीएचं (जुन्या मॉनिटरच्या केबलचं) पोर्ट असेल तरी सावध व्हा. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यासाठी वेगळी कन्व्हर्टर चिप बसवावी लागते.

एसएमपीएस खरंच बदलायचा असेल तर मोठ्या अक्षरातल्या वॅटकडे बघू नका. लेबलवर +१२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. ‘४५० वॅट’च्या डब्यावर तिथे १४ अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि कार्ड या दोघांना मिळून फक्त १६८ वॅट आहेत. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते. आय५-३४७० प्रोसेसरचे ७७, कार्डाचे ७५, डिस्क-पंखे-बोर्डाचे तीस-चाळीस धरले तरी सगळं दोनशेच्या आत बसतं. म्हणजे खऱ्या १०५० टीआयला डेलचा मूळ २७५ वॅटचा एसएमपीएस पुरतो. साडेचारशेच्या हलक्या डब्यापेक्षा तो बरा.

नव्या कार्डांतही नावाचा घोळ आहेच, फक्त तो कायदेशीर आहे. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटचं, त्याला सहसा पिन लागत नाही. ८ जीबीचं १३० वॅटचं, त्याला लागते. नुसतं ‘३०५०’ सांगून ऑर्डर देऊ नका. एएमडीचं आरएक्स ६४०० तर ५३ वॅटवर चालतं, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर मार खातं आणि त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही.

पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर कार्डाचं पूर्ण मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ यात वाचतात तेवढे पैसे पुढे तक्रारीची ताकद घालवतात. ऑनलाइन घेतलं तर पाकीट उघडण्यापासून जीपीयू-झेडच्या स्क्रीनपर्यंत सलग व्हिडिओ काढा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ऑनलाइन पैसे घेऊन विकणारा गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. एक मात्र करू नका. कुणी इंटरनेटवरून सल्ला देईल की जुना मूळ बायोस परत टाकला की कार्ड निदान जीटीएस ४५० म्हणून तरी नीट चालेल. चालेलही, पण तो बदललेला बायोस हाच तुमचा पुरावा आहे. तक्रार निकाली निघेपर्यंत कार्ड आहे तसंच ठेवा.