क्लिकर आणि दोन स्वभावांची कुत्री: काही महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू म्हणून क्लिकरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मुठीत मावणारी डबी, आत धातूची पट्टी, दाबली की टिक. या आवाजापाठोपाठ खाऊ येतो हे कुत्र्याला उमगलं, की 'आत्ता केलंस ते बरोबर' एवढं नेमकं सांगता येतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात अशा खुणेच्या आवाजावर प्राणी शिकवले. पुढे प्राणी-प्रशिक्षक कॅरन प्रायर यांच्यामुळे क्लिकर सामान्य कुत्रेवाल्यांच्या हातात आला.

आमचा बीगल बंड्या याच्यासाठीच जन्मलाय. घरात 'बस', 'थांब' पटापट शिकला. बाहेर मात्र नाक जमिनीला टेकलं की चिकनचा तुकडाही त्याला नको असतो. म्हणून बक्षीसच बदललं: हाकेसरशी माझ्याकडे वळला की टिक, आणि लगेच त्याच झुडपापाशी मनसोक्त हुंगायची मुभा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांचं तत्त्व हेच सांगतं, की प्राण्याला जे मनापासून करायचं असतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. बंड्या आता वास सोडून मागे वळतो. मला याचं फार अप्रूप आहे.

आमची दुसरी कुत्री साय. लॅब्रॅडॉर, पण भिडस्त. टिक वाजली की कान मागे, ओठांवरून जीभ, तोंड दुसरीकडे. झोप नसताना जांभई. ही ताणाची लक्षणं. डबी जाड मोज्यात गुंडाळूनही ती दचकायची, म्हणून तिच्यापुरता क्लिकर बंद केला आणि हलक्या आवाजातलं 'छान' हीच खूण ठेवली. समोर वाकून उभं राहण्याऐवजी शेजारी जमिनीवर बसायचं, आणि ती उठून गेली की सराव संपला. मागे बोलवायचं नाही. निघून जाता येतं हे कळल्यावर ती जास्त वेळ थांबायला लागली. आता नखं कापायला पंजा स्वतःहून हातावर ठेवते.

'लॅब्रॅडॉर आहे ना, खाऊ वाढवा' हा जातीवरून दिलेला सल्ला खूप मिळाला. पण २०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या, १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत वागणुकीतल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असल्याचं दिसलं. सायकडे पाहून मला ते पटतं.

उणिवा आहेत. पट्टा, खाऊ, डबी असं सगळं सांभाळायला दोन हात पुरत नाहीत. टिक क्षणभर उशिरा झाली तर बसण्याऐवजी उठण्याचं कौतुक होतं. घरात दोन कुत्री असतील तर सराव वेगवेगळ्या खोल्यांत घ्या, नाहीतर एकाची टिक दुसऱ्याला बुचकळ्यात टाकते. आणि मांजर दिसल्यावर बंड्याला अजून काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे मोकळ्या मैदानात त्याची लांब दोरी कायम आहे. ती सोडायची मला घाई नाही.