मोबाइलला चिमटवायचं मॅक्रो भिंग: जास्वंदीवरची चाचणी

साडेसहाशे रुपयांत मिळालं, त्या मानाने काम चोख. पण जाहिरातीत फुलपाखरांचे फोटो टाकलेत ते विसरा. कीटकापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर फोन न्यावा लागतो. फुलपाखरू कशाला थांबतंय तुमच्यासाठी? मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण, अशी बसकी मंडळीच याची खरी गिऱ्हाइकं.

फोकसची खोली तुटपुंजी. डोळा स्पष्ट आला की पाय धूसर. वारा असेल तर नादीच लागू नका. मी सकाळी ऊन चढायच्या आत फांदी कपड्यांच्या चिमट्याने काठीला पकडते आणि फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवते. चकाकी जाते.

पैसे वसूल झाले ते जास्वंदीवर. पिठ्या ढेकणांच्या पांढऱ्या पुंजक्यात एक जरा मोठा, लांब मेणचट झालरीचा 'ढेकूण' चांगला तुरुतुरु चालत होता. फोटो आयनॅचरलिस्ट या जीवजाती ओळखायच्या ॲपवर टाकला. ॲपने क्रिप्टोलिमसची अळी सुचवली, नंतर तिथल्या एका जाणकारानेही दुजोरा दिला. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा ढालकिडा (लेडीबर्ड). अळी आणि किडा दोघंही पिठ्या ढेकूण फस्त करतात, आणि अळी दिसते मात्र भक्ष्यासारखीच! फवारणीची बाटली परत कपाटात गेली.

कडांना चित्र वाकतं, जांभळट किनार येते. जाड कव्हरवर क्लिप बसत नाही, कव्हर काढावंच लागतं. फोनला तीन कॅमेरे असतील तर मुख्य कॅमेऱ्यावरच लावा. चार तारे.