दहा हजारांच्या आत घरचे स्पीकर: तयार घ्यावेत, जुने शोधावेत की सुताराकडून खोकी करून घ्यावीत?

आपल्या बेळगाव सीमाभागातल्या घरांत जे ऐकलं जातं, त्यात गळा पुढे असतो आणि बाकी सगळं त्याच्या मागे. अभंग, नाट्यपदं, ख्याल, कन्नड वचनं, भावगीतं, काहीही घ्या. कुमार गंधर्व 1924 साली इथल्याच सुळेभावीत जन्मले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. अशा मुलखात स्पीकर घेताना पहिला प्रश्न ‘गळा कसा येतो’ हा असायला हवा. दुकानात मात्र ‘बास कसा आहे बघा’ म्हणून दणका ऐकवतात आणि पैसे तिथेच जातात.

थोडे आकडे बघू. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 139 कंपनांवर येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंतचे मूळ स्वर शंभर ते साडेतीनशे हर्ट्झमध्ये बसतात, आणि आवाजाचा पोत, शब्दांची धार, जवारी (तानपुऱ्याची झणकार) हे सगळं त्याच्या वर चार-पाच हजारांपर्यंत पसरलेलं असतं. झांजा आणि टाळ आणखी वर जातात. म्हणजे आपली बहुतेक दौलत मधल्या पट्ट्यात आहे.

आता बाजारात सगळ्यांत जास्त खपणारा 2.1 सेट घ्या. अडीच ते पाच हजारांत दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारं खोकं मिळतं. छोट्यांतला अडीच-तीन इंची कोन (आवाज काढणारा हलता पडदा) साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली काम करू शकत नाही, म्हणून खालचं सगळं सबवूफरकडे वळवलेलं असतं. ही वाटणी नेमकी गळ्याच्या मधोमध पडते. गायक मंद्रात उतरला की त्याचा आवाज समोरून निघून टेबलाखालच्या खोक्यात जातो. डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेली घसीटही तशीच हरवते. स्वस्त सबवूफर एकाच सुराभोवती घुमतो, त्यामुळे वर-खाली सरकणारा घुमारा दरवेळी त्याच एका ‘धप्प’मध्ये संपतो. सिनेमाची गाणी, टीव्ही, पोरांचे गेम यांसाठी हा सेट पैसे वसूल करतो. घरात मुख्य ऐकणं तेच असेल तर खुशाल घ्या. बैठकीचं गाणं ऐकणाऱ्याने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

एकाच नळकांड्याचे ब्लूटूथ स्पीकर स्वयंपाकघरात किंवा शेतावर न्यायला सोयीचे. हॉलमध्ये बसून ऐकायला त्यांचा विचार करू नका.

आठ ते बारा हजारांत अ‍ॅम्प आतच बसवलेली बुकशेल्फ जोडी येते. एडिफायरसारख्या कंपन्यांच्या या जोडीत दोन्ही खोक्यांत खालच्या-मधल्या सुरांसाठी चार इंची वूफर आणि बारीक, उंच सुरांसाठी वेगळा ट्वीटर असतो. वाटणी दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे गळ्याचे मूळ स्वर एकाच कोनातून येतात. फरक पहिल्याच आलापात कळतो. उणी बाजू दोन. खोकी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची असतात, आणि खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात ओल लागलेला एमडीएफ फुगतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे अ‍ॅम्पचा बोर्ड गेला की दोन्ही स्पीकर एकदम गप्प होतात. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळी-कोल्हापूरला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. ज्याला सोल्डरिंगची, सुताराच्या मागे लागण्याची हौस नाही आणि बजेट दहा हजार आहे, त्याने हीच जोडी घ्यावी.

बजेट पाच हजारांच्या आत असेल तर मी जुन्याच्या बाजूचा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले सोनोडाइन, फिलिप्स, सोनी यांचे लाकडी स्पीकर अजून घराघरांत माळ्यावर पडून आहेत. डेक बिघडला म्हणून सगळंच बाजूला गेलं, स्पीकरांना बहुधा काही झालेलं नसतं. अशी जोडी बऱ्याचदा दोन-तीन हजारांत सुटते आणि सहा-आठ इंची वूफर हाती लागतो.

फक्त घेताना तपासणी नीट करा. जाळी काढा आणि कोनाच्या कडेची वळी बघा. ती फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. चिकट लागली किंवा भुगा झाली तर फोम कुजलाय. आपल्या दमट हवेत हे हमखास होतं. फोम बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागा. रबराची किंवा कापडाची वळी असेल तर चांगलंच. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान ठेवून सावकाश आत ढकला. खरखर लागली तर कोनामागची कॉइल (तारेचं वेटोळं) घासतेय, ती जोडी सोडून द्या. मल्टिमीटर असेल तर आठ ओहमच्या स्पीकरवर साधारण सहाच्या आसपास आकडा दिसायला हवा. काहीच दिसत नसेल तर कॉइल तुटलीय. आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. धन टोकाला धन लावल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर कुणीतरी वायर उलटी जोडलीय. तसंच वाजवलं तर खालचे सूर गायब होतात आणि गळा मधोमध उभा न राहता कुठेतरी विरतो.

या जोडीला जुना जड अ‍ॅम्प शोधण्याची गरज नाही. टीपीए 3116 चिपचा बोर्ड हजाराच्या आत येतो. बारा व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर तो आठ ओहमच्या स्पीकरला दर बाजूला जेमतेम आठ वॅट देतो. आकडा लहान वाटेल, पण 87 डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारा) स्पीकर तेवढ्यात एक मीटरवर 96 डेसिबलपर्यंत जातो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तेवढा आवाज फार वेळ सहन होत नाही. वॅट दुप्पट केले तरी तीनच डेसिबल वाढतात. म्हणून पाकिटावरचा ‘पीएमपीओ’, म्हणजे फुगवलेला वॅटचा आकडा, वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट आणि संवेदनशीलता बघा. खेड्यात वीज जाते तिथे याचा आणखी एक उपयोग आहे: हा बोर्ड थेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, स्वस्त इन्व्हर्टरची घरघर मध्ये येत नाही. बॅटरीच्या वायरीत फ्यूज मात्र घालाच.

राहिलं स्वतः बनवणं. पाच-सहा हजारांत होतं, आणि गळा-तानपुऱ्यासाठी याच्यासारखं मला दुसरं काही आवडत नाही. चार इंची फुल-रेंज ड्रायव्हर, म्हणजे सगळे सूर एकटाच वाजवणारा, खोक्याविना मिळणारा नुसता स्पीकर घ्यायचा. त्यात ट्वीटर नसतो, सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नसतो, मंद्रापासून तारापर्यंत सगळं एकाच कोनातून येतं. ड्रायव्हर बेळगावात मिळाला नाही तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, बेंगळुरूच्या एसपी रोडवर किंवा ऑनलाइन बघा. खोकं बंद ठेवा. भोकाचं, म्हणजे पोर्टचं खोकं जास्त खाली उतरतं खरं, पण त्याचं माप ड्रायव्हरप्रमाणे काढावं लागतं आणि चुकलं तर तोच घुमणारा बास घरी तयार होतो. बंद खोकं थोडीफार चूक पोटात घालतं. आतून 18 बाय 28 बाय 16 सेंटिमीटर धरलं तर आठ लिटर होतात. बऱ्याच चार इंची ड्रायव्हरांना तेवढं चालतं, तरी ड्रायव्हरच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. लाकूड 18 मिलिमीटरचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. सुताराला दोनच गोष्टी बजावा: सांधे फेविकॉलने हवाबंद हवेत, आणि भोक ड्रायव्हर हातात आल्यावरच कापायचं. आत उशीतला सिंथेटिक कापूस सैलसर भरा.

असा स्पीकर साधारण शंभर हर्ट्झच्या खाली मंदावतो. मग 69 चा खर्ज कुठून ऐकू येणार? 138, 207 असे त्याचे वरचे स्वर स्पष्ट आले की कान खालचा मूळ स्वर स्वतः जुळवून घेतो. लहान रेडिओवरही तानपुरा ओळखू येतो तो याचमुळे. ढोल-ताशा किंवा ऑर्गन मात्र यावर पोटात जाणवणार नाही. त्याची आवड असेल तर वरची जुनी आठ इंची जोडीच बरी.

खोलीचाही विचार करा. खानापूरकडच्या कौलारू घरात छत उतरतं आणि सांधे मोकळे असतात, त्यामुळे आवाज फारसा कोंडत नाही. टिळकवाडीतल्या स्लॅबच्या, फरशीच्या खोलीत बारा फुटी भिंतींमध्ये 47 हर्ट्झचा सूर घुमतो, तिथे मोठा वूफर त्रासच देतो. खाली जमखाना अंथरा, मागे जाड पडदा सोडा. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. भिंतीपासून फूटभर पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि दोघांत जेवढं अंतर तेवढंच अंतर तुमच्यापर्यंत. आषाढ-श्रावणात रोज थोडा वेळ वाजवत राहा आणि ओल धरणाऱ्या भिंतीला खोकं टेकू देऊ नका, कागदी कोनाला बुरशी धरते.