पावसाळ्यात गाडीवर घर चालतं का? 'व्हीटूएल'चा रोखठोक हिशेब

जून-जुलैत खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात झाड तारेवर पडलं की लाईट कधी दोन तासांत येते, कधी दोन दिवस येत नाही. म्हणून आपल्याकडे इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलेलं गिऱ्हाईक रेंज विचारून झाली की हमखास विचारतं, लाईट गेल्यावर हिच्यावर घर चालेल का? समोरून उत्तर येतं, चालेल की! ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं गाडीत नसतं, तुमच्या घराच्या वायरिंगमध्ये असतं.

या सोयीचं नाव व्हीटूएल, म्हणजे व्हेइकल-टू-लोड. गाडीच्या मोठ्या बॅटरीतला डीसी करंट गाडीतच 230 व्होल्टचा एसी होऊन बाहेर येतो. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत ही सोय सप्टेंबर 2023 पासून आहे, कमाल 3.3 केव्हीए. ह्युंदाईच्या आयोनिक 5 ची मर्यादा 3.6 किलोवॅट. आकड्यांत फार फरक नाही. दोन्हीकडे एका फेजवर साधारण 14 ते 16 अँपिअर मिळतात, म्हणजे घरातल्या एका 16 अँपिअरच्या सॉकेटइतकीच ताकद. सगळ्या व्हेरियंटना ही सोय नसते. बुकिंगच्या आधी व्हेरियंटचं नाव आणि चार्जिंग पोर्टला लावायचा अडॅप्टर किमतीत धरलाय का, हे दोन्ही कोटेशनवर लिहून घ्या. अडॅप्टर नसेल तर ती सोय फक्त माहितीपत्रकात राहते.

आता हिशेब. 45 युनिटची (म्हणजे 45 किलोवॅट-अवरची) बॅटरी 80 टक्क्यांवरून 30 टक्क्यांपर्यंत वापरली तर 22.5 युनिट निघतात. डीसीचा एसी होताना दहा-बारा टक्के जातात, हातात उरतात सुमारे 20. मध्यम घराचा दिवसाचा अगदी गरजेचा खर्च असा: फ्रिज 1.2 युनिट, चार पंखे दहा तास 2.4, एलईडी दिवे अर्धा युनिट, टीव्ही आणि वायफाय मिळून 0.6, टाकी भरायला अर्ध्या एचपीची मोटर तासभर, आणखी अर्धा. बेरीज पाच-सव्वापाच युनिट. वीस भागिले पाच, म्हणजे चार दिवस? तिथेच लोक फसतात. व्हीटूएल चालू असताना गाडी स्वतः जागी असते. तिचे कंट्रोलर, रिले, कधी कूलिंगचा पंप असं सगळं मिळून दीडशे ते तीनशे वॅट सतत खातं. दोनशे वॅट धरले तरी चोवीस तासांचे 4.8 युनिट झाले. घराइतकंच गाडी खाते! म्हणून चार नव्हे, दोन दिवस.

यातून वापराची रीतच बदलते. दोन दिवे आणि मोबाईलसाठी गाडी रात्रभर चालू ठेवणं म्हणजे कप चहासाठी चुलीवर घागर चढवणं. गाडीला इन्व्हर्टर समजू नका, जनरेटर समजा. जुना 150 एएचचा इन्व्हर्टर विकू नका. त्याच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, प्रत्यक्षात एकाच्या आसपास मिळतं, पण रात्रीच्या दिवे-पंख्यांना तेवढं पुरतं. गाडी सकाळ-संध्याकाळ तीन-तीन तास लावायची, त्यात फ्रिज गार करायचा, टाकी भरायची, मिक्सर फिरवायचा, इन्व्हर्टरची बॅटरी भरून घ्यायची आणि बंद करायची. असं केलं तर तेच 20 युनिट तीन दिवसांच्या वर जातात. जनरेटरशी तुलना केली तर गाडी सरस आहे. लहान पेट्रोल जनरेटर लिटरभरात जेमतेम दीड-दोन युनिट देतो, आवाज आणि धूर वेगळा.

काय चालत नाही तेही बघू. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. एक एचपीची सिंगल फेज बोअरची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना पंचवीस-तीस मागते आणि व्हीटूएल ट्रिप होतं. अर्ध्या एचपीची वरच्या टाकीची मोटर बहुतेक वेळा निघते, पण फ्रिज बंद करून मगच सुरू करा. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो म्हणून चालतो, जुना एसी धक्का देतो. दोन किलोवॅटचा गिझर एकटा चालेल, सोबत इस्त्री नको. शेतातला पाच एचपीचा थ्री फेज पंपसेट विसरा, इथे फेज एकच आहे.

आता वायरिंग, जिथे बहुतेकांची गाडी अडते. सगळ्यांना सुचणारी युक्ती अशी: इन्व्हर्टरची इनपुट पिन भिंतीतून काढायची आणि गाडीच्या एक्स्टेन्शनला लावायची. इन्व्हर्टरला वाटेल लाईट आली. वाटतंही, पण घरातले दिवे लागत नाहीत. आपल्याकडे वायरमन इन्व्हर्टरचा फक्त फेज वेगळा ओढतात, न्यूट्रल घराचाच वापरतात. तो न्यूट्रल इन्व्हर्टरपर्यंत पोचतो भिंतीतल्या त्याच सॉकेटमधून. पिन काढली की परतीचा रस्ताच तुटतो. मग कोणीतरी हुशार माणूस गाडीचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलला जोडून देतो. व्हीटूएलचा करंट जमिनीशी बांधलेला नसतो, दोन्ही तारा अधांतरी असतात (म्हणून टेस्टर दोन्हीवर मिणमिणतो). हेस्कॉमचा, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीचा, न्यूट्रल मात्र ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेला असतो. दोन्ही जोडले की गाडीला गळती दिसते आणि ती सप्लाय तोडते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत कुठे न्यूट्रल-अर्थिंग एकत्र केलेलं असेल तर तिथेही हाच दोष येतो. बिघडतं घराचं आणि नाव येतं गाडीचं.

बरोबर उपाय एकच: मीटरनंतर, मेन स्विचच्या पुढे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा चेंजओव्हर स्विच. एका बाजूला हेस्कॉम, दुसऱ्या बाजूला गाडी, मधे बंद. 32 किंवा 40 अँपिअरचा चालतो. गाडीच्या बाजूला 16 अँपिअरचा एमसीबी हवा. गाडीपासून स्विचपर्यंत तीन कोअरची 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर वापरा. वीस मीटर लांबीवर 14 अँपिअरला चारेक व्होल्टच पडतात. गणपतीच्या मांडवातली 1 चौरस मिलिमीटरची वायर घेतलीत तर दहा व्होल्ट पडतात आणि वायरमध्ये दीडशेएक वॅट उष्णता होते. तीच वायर गुंडाळी न सोडता वापरली तर आवरण वितळतं. जोड पोर्चच्या आत, जमिनीपासून वर ठेवा. पोत्याखाली झाकलेला सॉकेट म्हणजे कोरडा सॉकेट नव्हे.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमधून घराला उलटा करंट देणं हा प्रकार करूच नका. मेन बंद करायला विसरलात तर तो करंट मीटरमधून मागे जातो, ट्रान्सफॉर्मरमध्ये 11 हजार व्होल्ट होतो आणि खांबावर चढलेला लाईनमन मरतो. शिवाय लाईट परत येते त्या क्षणी गाडीचा चार्जर जळू शकतो.

छतावर ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं) सोलर असेल तर ती लाईन गाडीच्या सर्किटवर येऊ देऊ नका. ग्रिड गेल्यावर सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, ही सुरक्षितता आहे. पण त्याला गाडीचे 230 व्होल्ट दिसले तर तो ग्रिड आली समजून करंट सोडू लागेल आणि जादाची वीज गाडीत उलटी घुसेल. व्हीटूएल ती घ्यायला बनवलेलंच नाही.

बिलाकडे या. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना, घेणाऱ्या घरात महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी गाडी चार्जिंगमधला तोटा धरून दीडशेच्या आसपास युनिट खाते. घराचे शंभर मिळवले की फुकटची वीज संपली. गाडी घेण्याआधी आरआर नंबर (बिलावरचा जोडणी क्रमांक) घेऊन हेस्कॉमच्या उपविभागीय कार्यालयात जा आणि चार्जिंगसाठी वेगळं मीटर मिळेल का, मंजूर भार वाढवावा लागेल का, हे विचारा. अर्थिंग त्याच वेळी तपासून घ्या. आपली जांभ्याची तांबडी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग मार खातं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसू लागतात आणि चार्जर रुसतो. खड्ड्यात पाणी घालणं हा जुना उपाय अजून लागू पडतो.

ई-रिक्षा किंवा स्कूटरचे उतरवलेले पॅक जोडून 'लिथियम इन्व्हर्टर' विकणारेही वाढलेत. रसायन कोणतं, सेल किती, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) कोणता, हे लेखी मिळत नसेल तर घेऊ नका. चार सेलच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅकला 14.6 व्होल्टच्या वर चढवायचं नसतं. जुन्या इन्व्हर्टरचा ट्यूब्युलर (लेड-ॲसिड बॅटरीचा) मोड त्याच्या वर जाऊ शकतो. एनएमसीचा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट लिथियमचा) जुना पॅक तर माजघरात नकोच.

मग नुसत्या व्हीटूएलसाठी वरचं व्हेरियंट घ्यावं का? बेळगाव शहरात, जिथे लाईट तासा-दोन तासांत येते, तिथे नको, इन्व्हर्टर पुरतो. खानापूरच्या पश्चिमेला किंवा चंदगडच्या बाजूला मळ्यात घर असेल तर जरूर घ्या, चेंजओव्हरसकट. गाडीत डिस्चार्जची मर्यादा ठरवता येत असेल तर ती 30 टक्क्यांवर ठेवा. सगळ्या तालुक्याची लाईट गेलेली असताना तिथला सार्वजनिक चार्जरही बंदच असतो. 45 युनिटच्या बॅटरीतले ते 30 टक्के म्हणजे सुमारे 90 किलोमीटर. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी जांबोटीहून बेळगाव गाठायचं आणि परत यायचं तर तेवढे हाताशी हवेत.