82 चा थर्मोस्टॅट, जुनी 800 आणि आपल्याकडचा मे महिना

कारब्युरेटरवाल्या जुन्या मारुती 800 मधला 88 डिग्रीचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला उघडून इंजिनचं पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप, मिस्त्री तिलाच 'वॉल' म्हणतात) काढून 82 चा टाकलाय, त्याचा हा रिव्ह्यू. आधीच सांगून टाकतो, वस्तू चांगलीय, पण लोक ज्या कामासाठी ती घ्यायलेत, म्हणजे उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून, त्या कामाची ती नाही.

आपल्याकडं बीड म्हणा जालना म्हणा, गाडी हीट व्हायली म्हणून कुठल्याबी मिस्त्रीकडं नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, "वॉल काढून फेका साहेब, टेन्शन खतम." निम्म्या जुन्या गाड्या अशाच बिनवॉलच्या फिरायल्यात. वॉल नसला की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, इंजिन लवकर गरम होत नाही, थंडीत परभणीकडं पारा 5-6 वर येतो तेव्हा तर दोन-चार किलोमीटर चोक ओढूनच गाडी हाणावी लागते, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि झाकण उघडलं की खाली पिवळट साय धरलेली दिसते. म्हणून काढून टाकणं हा पर्याय माझ्या डोक्यातच नव्हता, प्रश्न होता तो नंबर कोणता घ्यायचा.

दुकान जालना रोडवरचं, काउंटरवर एक म्हातारे काका, त्यांना नुसतं गाडीचं नाव सांगू नका, जुना पीस सोबत न्या. त्याच्यावर बारीक नंबर कोरलेला असतो. 88 लिहिलं असेल तर तो 88 ला उघडायला सुरू होतो, पूर्ण उघडतो त्याच्याही दहा-बारा डिग्री पुढं. आतमध्ये मेणाची गोळी असते, ती तापली की फुगते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप ढकलते, एवढंच मशीन आहे त्यात. काकांकडं 82 चा पण होता आणि 76 चा पण. मी 76 ला हात लावला तर म्हणाले, "बेटा, ह्यो थंड मुलखातला नाही आन् गरम मुलखातला बी नाही, ह्यो हौशी लोकांचा हाय." साडेतीनशेच्या आसपास गेले, बिल मागितलं तर दिलं.

घरी आणून आधी टेस्ट केला, हे सगळ्यांनी करा. पातेल्यात पाणी, दोऱ्यानं वॉल लटकवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, सोबत थर्मामीटर. (पातेलं जुनं घ्या, घरात बोलणी बसतात.) माझा 82-83 ला हलायला लागला, पाणी उकळायला आलं तेव्हा पूर्ण उघडला, थंड झाल्यावर नीट बंद झाला. एका मित्रानं बिनाडब्याचा सुटा पीस स्वस्तात आणला होता, तो ह्याच पातेल्यात उकळत्या पाण्यात पण अर्धाच उघडला, तसला बसवला असता तर हेड गॅसकेटचा खर्च पक्का होता.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडं आणि ती जी छोटी हलणारी पिन असते ती वरच्या अंगाला, हवा तिथूनच निघते. मिस्त्री घाईत ती कशीबी बसवतात, मग हवा अडकते आणि गाडी नवीन वॉलवर पण तापायली म्हणून वॉलला शिव्या पडतात.

आता फरक. मित्राकडची टेंपरेचर गन घेऊन वरच्या होज पाइपच्या एल्बोवर मोजलं (चकचकीत धातूवर गन खोटं दाखवते, काळी टेप चिकटवून मोजा). सकाळी गार हवेत हायवेला आधी नव्वदीच्या पुढं असायचं ते आता ऐंशीच्या मध्यावर, काटा अर्ध्याच्या जरासा खाली, इंजिन पण मोकळं वाटतं, किंवा मला तसं वाटतं. पण मे महिन्यात दुपारी चार माणसं बसवून मांजरसुंब्याचा घाट चढलो तर रीडिंग जुन्या वॉलच्या वेळी होतं तेवढंच, काडीचा फरक नाही!

आणि तो पडणार पण नव्हता. घाटात पाणी शंभरीकडं जातं तेव्हा 88 चा काय, 82 चा काय आणि 76 चा काय, सगळे सताड उघडेच असतात, तिथून पुढं सगळा खेळ रेडिएटरचा. रेडिएटर उष्णता सोडतो ती पाणी आणि बाहेरची हवा ह्यांच्यातल्या फरकावर. बाहेर 44 असताना पाणी 88 वर असेल तर फरक 44 चा, तेच पाणी 76 वर ठेवायचं म्हटलं तर फरक उरला 32, म्हणजे तोच रेडिएटर पाव हिश्श्यापेक्षा जास्त कमी उष्णता टाकणार. उन्हाळ्यात 76 वर गाडी ठेवणं आपल्याकडच्या हवेत त्याला झेपतच नाही, आणि हिवाळ्यात मात्र 76 चा वॉल गाडी नको तेवढी गार ठेवणार. काकांचं हौशी लोकांचं वाक्य मला तेव्हा पटलं.

घाटातलं खरं दुखणं बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं तेच ओतल्यामुळं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेला, माझा तांब्याचा रेडिएटर रॉडिंगला (नळ्यांत सळई घालून साफ करायला) दिला तेव्हा निघालेला पांढरा चुरा बघून दुकानदार पण हसायला लागला. रॉडिंग, नवीन कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, आणि रेडिएटरची 0.9 ची नवी कॅप (0.9 हा ती धरून ठेवते त्या दाबाचा आकडा, तो दाब धरला तर साधं पाणी पण 118 च्या आसपास उकळतं, कॅप ढिली असेल तर शंभरीच्या आतच), एवढं झालं आणि मग घाटात काटा खाली आला. फॅन पण बघून घ्या, त्याचा स्विच वेगळा असतो, वॉल बदलला म्हणून फॅन लवकर लागत नाही, माझा नव्वदीच्या पुढंच लागतो.

एमपीएफआय (कारब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी असेल तर कंपनीनं दिलेलाच नंबर ठेवा, ईसीयू (गाडीतला कॉम्प्युटर) पाण्याचं तापमान बघून पेट्रोल सोडतो, इंजिन गारच आहे असं त्याला वाटलं की तो जास्त सोडत बसतो. कारब्युरेटरवाल्यांनी 88 वरून 82 पर्यंत यायला हरकत नाही, मी हिवाळ्यात पण तोच ठेवलाय.

पाचपैकी चार. एक कापला कारण डब्यात वॉलचं पॅकिंग (गॅसकेट) येत नाही, ते काउंटरवरच वेगळं मागून घ्या.